पालथ्या डफांचा माळ

सरवंती नदीच्या अलीकडे कुसुंबडी, पलीकडे बोरखडी. उन्हाळ्यात मधलं पाणी घोट्याएवढं. कुसुंबडीच्या अंगाला नदीलगत एक उघडा माळ आहे. त्यावर देऊळ नाही, समाधी नाही, सावलीपुरतं झाडसुद्धा नाही. पण चैत्रात म्हसोबाच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, कासराभर दिवस उरला की दोन्ही गावं या माळावर उतरतात आणि गाणं बसतं.

हल्ली लांबून माणसं येतात. मोटारी नदीच्या वाळूत उभ्या करतात, पुढची जागा धरतात, फोन काढून तयार राहतात आणि मग गोंधळतात. कारण समोर दोन जाजमं असतात, एकावर तुरेवाले, दुसऱ्यावर कलगीवाले, आणि दोन्हीकडचे सगळे डफ जमिनीवर पालथे. मधोमध पानाचं तबक घेऊन त्या वर्षीचा यजमान बसलेला. तो हलक्या आवाजात काहीतरी विचारतो, आणि मग कितीतरी वेळ काहीच होत नाही. नवख्या माणसाला वाटतं, काहीतरी बिनसलंय, आता मारामारी होणार.

अशा वेळी कडेला बसलेले नारबा गुरव पाहुण्यांना हाताने खुणावून जवळ बसवून घेतात. बिनसलं काही नाही, वाट बघताहेत, असं सांगतात. कशाची, ते कळायला भिवराबाई कासारणीपासून सुरुवात करावी लागते. नारबांची ऐंशी उलटली आहे. ते भराभर सांगत नाहीत.

गोष्ट पेशवाई बुडाली त्या सुमाराची, असं म्हणतात. तेव्हा कुसुंबडीत तुऱ्याचा फड होता, बोरखडीत कलगीचा. तुरेवाले शिवाला थोर मानणारे, कलगीवाले शक्तीला. एका फडाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच तो सोडवायचा. नाही सुटला तर डफ खाली ठेवायचा. तुऱ्याचे शाहीर मल्हारजी, कलगीचे सुभानजी. दोघांच्या गळ्यात अशी ताकद होती की नदीपलीकडे बैल जागच्या जागी उभे राहायचे म्हणे. पण ऐकणाऱ्यांना गाण्यापेक्षा हारजीत प्यारी झाली. दरवर्षी गाणं संपून परतताना कुणाचं तरी डोकं फुटायचं आणि त्याची शेखी पुढच्या चैत्रापर्यंत पुरायची.

भिवराबाई कुसुंबडीची. नवरा लवकर गेला, तेव्हा बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन तिने दोन्ही गावांची दारं धरली. बोरखडीतल्या झाडून साऱ्या सुनांचे हात तिला ठाऊक होते. एकुलता एक लेक राणू, मल्हारजींच्या फडात डफ वाजवायचा. त्याच्याच वयाचा भैरू झीलकरी, म्हणजे शाहिरामागे धृपद धरणारा. दोघं एका ताटात जेवलेले, एका विहिरीत पोहायला शिकलेले.

त्या वर्षी मल्हारजींनी टाकलेला सवाल सुभानजींनी सोडवला की नाही, यावरून वाद पेटला. दिवस मावळायला आला होता. आधी शिव्या, मग ढकलाढकली, मग धोंडे. राणू डफ हातात घेऊन आपल्या जाजमाच्या पुढे उभा होता, तोंड बोरखडीकडे. तो एकदम पालथा पडला. सगळे थबकले. भिवराबाई बायकांतून धावत आली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदर फाडून जखम बांधली. वैद्याने पाला वाटून दिला, तो लावला तिनेच. तीन दिवस राणू काही बोलला नाही. चौथ्या दिवशी पहाटे गेला. डोक्याची पट्टी तिने शेवटपर्यंत कुणाला सोडू दिली नाही.

कारण जखम डोक्याच्या मागे होती.

ती हे विसरायचा प्रयत्न करून पाहत होती. पण कितीही फिरवून विचार केला तरी पोरगं बोरखडीकडे तोंड करून उभं होतं आणि धोंडा पाठीमागून आला होता. पाठीमागे कुसुंबडी होती. तेराव्यानंतर ती पाटलाकडे गेली आणि त्याला एकट्याला गाठून तिने हे सांगितलं. पाटील बराच वेळ सुपारी कातरत राहिला.

"पडताना आपटलं असंल," तो म्हणाला.

"त्यो तोंडावर पडला, पाटील."

"भिवरा, हे बोललीस ते बोललीस. पुन्हा कुणापुढं बोलू नगंस. बोरखडीनं मारला म्हणून गाव आज एक हाय. आपल्यातल्याच कुणी मारला म्हनलं तर उद्या भाऊ भावाच्या दारात उभा राहनार न्हाई."

ती परत आली. त्या वर्षात नदी उतरून येणंजाणं बंद झालं. बोरखडीत लग्नं झाली, पण नवऱ्या मुलींचे हात दुसऱ्या गावच्या कासाराने भरले. कुसुंबडीची तरणी पोरं म्हसोबापुढे हळद उचलून शपथ घेऊन आली, की येत्या जत्रेला एकाच्या बदल्यात एक घ्यायचा. कुणाचा, तेही ठरलं होतं. बोरखडीचा लिंबाजी त्या दिवशी धोंडे फेकताना सगळ्यांनी पाहिला होता. हे भिवराबाईच्या कानावर आलं तेव्हा तिला पहिल्यांदा भीती वाटली. लिंबाजीच्या आईला तिने दर सणाला बांगड्या भरल्या होत्या.

भैरू मात्र रोज यायचा. पहाटे घागरी भरून ठेवायचा, सरपण फोडायचा, निघून जायचा. गाव त्याचं नाव काढायचं, मित्र असावा तर असा. भिवराबाई भाकर पुढे करायची, तर तो म्हणायचा, "भूक न्हाई, काकी." वर्षभर त्याने तिच्या घरात घास घेतला नाही. दुःख असेल, असं ती समजली.

फाल्गुन संपता संपता मल्हारजींनी जाहीर केलं, यंदा गाणं नाही. गाणं नसलं तर पोरं थेट नदीत भिडणार, हे सगळ्यांना कळत होतं. त्याच दिवशी भिवराबाई चावडीवर गेली.

"यंदाचं गाणं माझ्या घरचं," ती म्हणाली. "यजमानीण मी."

यजमानाचा मान मोठा होता. दोन्ही फडांना सुपारी त्याने द्यायची, जेवण त्याने घालायचं, आणि गाणं संपल्यावर निरोपाचा विडाही त्यानेच द्यायचा. विडा हाती पडेपर्यंत प्रत्येक माणूस यजमानाचा पाहुणा. तोवर त्याच्या अंगाला हात लावणं म्हणजे म्हसोबाचा कोप. धोंड्यांच्या वर्षी ही रीत मोडली होती, म्हणूनच असं झालं, असं म्हातारे म्हणत. विधवेने यजमानपण घ्यावं की नाही, यावर चावडीत कुजबुज झाली. पण लेक गमावलेल्या बाईला तोंडावर नाही कोण म्हणणार? पाटील तिच्याकडे बघत राहिला. तिच्या मनात काय आहे ते त्याला कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच नदी उतरून बोरखडीत गेली. डोक्यावर पेटी नव्हती, हातात सुपारी होती. दारं लागत गेली. सुभानजी ओसरीवर बसले होते. त्यांनी सुपारीकडे पाहिलं, घेतली नाही.

"बाई, माझी पोरं म्हनतात, तू जेवनात काहीतरी घालशील."

"दोन्ही हंड्यांतला पैला घास मी खाईन."

"आनि तुमची पोरं काठ्या घिऊन बसली असतील त्याचं काय?"

"बसतील. तुमचीबी बसू द्यात. म्या कुनाची झडती घेनार न्हाई."

"मग बोलावतीस कशाला?"

"माझा येक सवाल हाय, शाहीर. पैला सवाल माझा. त्यो सुटंस्तवर कुनी उठायचं न्हाई. तेवढं कबूल करा."

सुभानजींनी समोरच्या बंद दारांकडे पाहिलं. मग सुपारी उचलली. लिंबाजीला घेऊन या, असं तिने जाताना सांगितलं.

जत्रेच्या आदल्या दिवशी भैरूने घागर उतरवली आणि तो दारातच उभा राहिला.

"काकी, हे नका करू. रक्त सांडंल."

"तू येनार न्हवं?"

"माझा आवाज बसलाय."

"आवाज नसला तरी ये. राणूच्या शेजारची जागा तुझी हाय, ती मोकळी दिसाया नगं."

तो आल्या पावली निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तशी बोरखडीची माणसं नदी उतरून आली. सगळ्यांच्या खांद्यावर घोंगडी, आणि चैत्रातल्या उन्हात घोंगडी कशाला, हे विचारायची गरज नव्हती. कुसुंबडीच्या पोरांच्या जाजमाखालीही काठ्या टोचत होत्या. जेवणं झाली. भिवराबाईने दोन्ही हंड्यांतला पहिला घास खाल्ला, सगळ्यांच्या देखत. तरी अर्धी पानं तशीच उठली.

मग तिने सगळ्यांना डफ पालथे ठेवायला सांगितले. राणूचा डफ तिने घरून आणला होता, तोही मल्हारजींच्या जाजमावर पालथा ठेवला. स्वतः दोन्ही जाजमांच्या मध्ये बसली, पुढ्यात विड्यांचं तबक.

"गानं व्हईल," ती म्हणाली. "पर आधी यजमानाचा सवाल. माझ्या राणूला कुनाचा धोंडा लागला? ज्याचा लागला त्यानं स्वतः सांगायचं. त्येला पैला विडा मी देईन आनि विडा घेतल्यावरबी त्येच्या केसाला कुनी हात लावनार न्हाई. ही माझी जबान. सांगंस्तवर कुनी उठायचं न्हाई."

माळावर शेकडो माणसं होती, पण नदीच्या पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. ऊन जाजमांवरून सरकत गेलं. कुसुंबडीच्या पोरांतलं कुणीतरी बसल्या जागेवरून म्हणालं, विचारायचं काय, सगळ्यांना ठाऊक आहे. समोर घोंगड्या हलल्या. भिवराबाईने नुसता हात वर केला. पुन्हा शांत झालं, पण आता ती शांतता वेगळी होती. दोन्हीकडचे हात काठ्यांवर गेले होते.

सुभानजी उठून उभे राहिले. "बाई, फडाचा म्होरक्या मी. माझाच धोंडा समज. जे करायचं ते मला कर."

"मला समजायचं न्हाई, शाहीर. मला खरं पायजे. तुमच्या दोन्ही हातांत डफ व्हता. म्या बघितलंय. बसा."

ते खाली बसले. आणि मग, ज्याची कुसुंबडी वर्षभर वाट बघत होती, तो लिंबाजी उठला. बावीस-तेवीस वर्षांचा, ओठ कोरडे पडलेले.

"म्या फेकले," तो म्हणाला. "तीन धोंडे. कुठं लागले ठावं न्हाई. माझाच असंल."

कुसुंबडीचं जाजम एका अंगाने उचललं गेलं. दहाबारा पोरं काठ्या घेऊन उभी राहिली. समोरून घोंगड्या गळून पडल्या. भिवराबाई दोन्ही फळ्यांच्या मध्ये होती, आणि काठी उगारणाऱ्याला आता तिच्या अंगावरून जावं लागणार होतं. ती उठली नाही. बसल्या बसल्या लिंबाजीला म्हणाली, "कुठनं फेकलास?"

"हितनंच. माझ्या जागंवरनं."

"मग तुझा न्हाई. राणूचं तोंड तुझ्याकडं व्हतं. त्येला लागलं ते मागं, मानंच्या वर. म्या बांधलंय, मला ठावं हाय."

आणि ती बसल्या जागी फिरली. बोरखडीकडे पाठ केली आणि आपल्या गावाकडे तोंड. पाटील मान खाली घालून बसला होता. उभ्या राहिलेल्या पोरांना काठ्यांचं काय करावं ते कळेना. ती एकमेकांकडे बघू लागली, मग एकमेकांपासून किंचित बाजूला सरकली. पाटील ज्याला भ्यायला होता ते हेच.

"आता तुमास्नी विचारते," भिवराबाई म्हणाली.

इथे काही जण सांगतात की राणूचा पालथा डफ आपोआप घुमला. नारबा हे सांगतात खरे, पण वारा सुटला असेल, असंही म्हणतात. एवढं मात्र सगळे सारखंच सांगतात, की डफाच्या शेजारी बसलेला भैरू त्याच्याकडे बघत होता, आणि बघता बघता त्याने तोंड झाकून घेतलं.

"माझा," तो म्हणाला.

मागच्यांना ऐकू गेलं नाही. त्याने तोंडावरचे हात काढले आणि पुन्हा सांगितलं. "काकी, माझा धोंडा. सुभानजींवर फेकला व्हता. राणू मधी सरकला. धोंडा लागल्याचा आवाज झाला तवाच म्या वळखला. तुम्ही यायच्या आधी वळखला."

भिवराबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिला वर्षभराच्या भाकरी आठवल्या असतील, न खाल्लेल्या. ती रागावली की कोसळली, कुणालाच कळलं नाही. बोलली तेव्हा आवाज अगदी साधा होता.

"रोज पानी भरायला यायचास."

"सांगाया यायचो. घागर उतरवली की तोंडातनं निघायचं न्हाई. मग परत जायचो. दुसऱ्या दिशी पुन्हा यायचो."

"आनि लिंबाजीला हे मारनार व्हते, ते तुला ठावं व्हतं?"

भैरूने मान हलवली. होय म्हणून. त्या होकाराने पोरांतल्या दोघांनी त्याच्या दिशेने पाऊल टाकलं. भिवराबाईने तबकातला विडा उचलला. तिचा हात इतका कापत होता की लवंग निसटून जाजमावर पडली. ती तिने शोधून पुन्हा टोचली. या सगळ्याला फार वेळ लागला, आणि तेवढा वेळ कुणी हललं नाही. मग तिने विडा भैरूच्या हातात ठेवला.

"माझी जबान व्हती म्हनून देते," ती म्हणाली. "माफ केलं असं समजू नगंस. ते मला जमंल का न्हाई ठावं न्हाई. उद्यापासनं पानी आनू नगंस. पर जितं राहायचं. गाव सोडून जायचं न्हाई."

मल्हारजी उठले आणि त्यांनी पोरांच्या हातांतल्या काठ्या एकेक करून काढून घेतल्या. समोर सुभानजीही तेच करत होते. काठ्यांचा ढीग माळावरच पेटवला. त्याच उजेडात गाणं झालं, असं सांगतात. त्या संध्याकाळी कुणी कुणाला सवाल टाकला नाही. मल्हारजींनी एक कडवं म्हणावं, सुभानजींनी त्याला दुसरं जोडावं, असं चाललं. धृपद धरायला भैरू नव्हता. तो विडा मुठीत धरून कडेला बसला होता. त्याच्या जागेवरून झील लिंबाजीने धरली, कलगीवाला तुऱ्याच्या जाजमावर. बेसूर होता म्हणे, पण कुणी हसलं नाही.

भैरू गावातच राहिला. पहिली काही वर्षं त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. भिवराबाई चौथ्या वर्षी बोलली. काय बोलली ते कुणाला ठाऊक नाही, पण त्या दिवशी तो तिच्या ओट्यावर बसून भाकर खाताना लोकांनी पाहिला. ती गेली तेव्हा तिला खांदा देणाऱ्यांत एक तो होता आणि एक लिंबाजी.

तेव्हापासून गाण्याआधी यजमानाने विचारायचं आणि ज्याच्या पोटात काही असेल त्याने सांगायचं, अशी चाल पडली. कुणी बांध सरकवलेला असतो, कुणी भावाबद्दल खोटं पसरवलेलं असतं. सांगेल त्याला पहिला विडा. आजही पहिला माणूस बोलेपर्यंत डफ उताणा होत नाही. दोन वर्षं अशी गेली की अंधार पडला तरी कुणी बोललं नाही आणि दोन्ही गावं गाणं न ऐकताच घरी गेली. आणि माळावर बोललेलं माळाबाहेर न्यायचं नाही, हा दंडक इतका कडक आहे की नवरा बोलला ते बायको घरी काढत नाही.

इथवर ऐकल्यावर पाहुण्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, मग भैरूचं तेवढं कसं सांगता?

नारबा म्हणतात, ते त्यानेच सांगितलं. म्हातारपणी दरवर्षी इथे कडेला बसायचा आणि बाहेरून गाणं ऐकायला येईल त्याला जवळ बोलावून आपली गोष्ट पहिल्यापासून सांगायचा, काही न वगळता. अंथरुणाला खिळला तेव्हा त्याने गुरवाच्या घरचा माणूस बोलावून घेतला आणि म्हणाला, "बाकीच्यांचं झाकून ठेवा. माझं सांगत जावा."

एवढं बोलून नारबा थांबतात. जाजमांकडे बघतात. तिथे कुणी उठून उभं राहिलेलं असतं, कधी बाई, कधी बाप्या. नारबा पाहुण्यांना फोन खाली ठेवायला सांगतात.